माती-पाण्याच्या विज्ञानात करिअर: आधी माझी एक चूक दुरुस्त करतो



मागच्या उन्हाळ्यात मी एका पोरीला चुकीचा सल्ला दिला. तो सल्ला मी नंतर एका व्हिडिओतही सांगितला होता. व्हिडिओ काढून टाकला आहे, पण ज्यांनी तो आधीच पाहिला असेल त्यांच्यासाठी हा लेख.

झालं असं. मोझरीतल्या माझ्या कृषी केंद्रात दुपारची वेळ. तिवसा तालुक्यातलेच एक नेहमीचे गिऱ्हाईक आले, सोबत त्यांची मुलगी. बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. काका म्हणाले, "सर, इले समजावून सांगा जरा. मातीचं अजून पुढं शिकाचं म्हनते. मातीत तं आमी जलमभर राबून राह्यलो, आमाले कोनं पगार देल्ला?"

मुलगी हळूच म्हणाली, "सर, मला माती आणि पाण्याच्या संवर्धनात शास्त्रज्ञ व्हायचं आहे. त्याची नोकरी असते का? आणि काय काय लागतं?"

मला काहीच माहीत नव्हतं. पण आपण ट्रेनर ना! तोंडातून पाठ केलेलं वाक्य निघालं: नोकरी मागणारी होऊ नको, देणारी हो. एम.एस्सी.त दोन वर्षं घालवण्यापेक्षा माती परीक्षणाची लॅब टाक. काका खूश झाले. पोरगी काही बोलली नाही.

मग लॅबवर व्हिडिओ करायचा म्हणून मी माहिती काढायला बसलो आणि एकेक गोष्ट वाचताना लक्षात आलं, की तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक.

एकाच हायवेवर सगळं आहे, आपण पाट्या वाचत नाही

माल आणायला मी पंधरा वर्षांपासून नागपूरला जातो. मोझरीवरून जाणारा हाच हायवे नागपुरात शिरतो तेव्हा त्याला अमरावती रोड म्हणतात. त्या रोडवर दोन मोठ्या केंद्रीय संस्था आहेत. एक, केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था. आपल्या संत्र्यावर काम करणारी. दुसरी, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो. १९७६ साली स्थापन झालेली ही संस्था देशभरातल्या मातीचं सर्वेक्षण करून नकाशे करते: कुठली माती किती खोल, किती उतार, किती धूप, कुठलं पीक झेपेल. देशभरातले लोक जिथे शिकायला येतात तिचं मुख्यालय आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि मी तिच्यासमोरून खताचा हिशेब करत जात होतो.

उलट्या दिशेला तोच हायवे अमरावतीवरून अकोल्याला जातो. तिथे १९६९ साली स्थापन झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. तिथे मृदाशास्त्र आहे, वनशास्त्राची पदवी आहे, कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारणाचा वेगळा विभाग आहे. म्हणजे वऱ्हाडातल्या पोराला या शिक्षणासाठी पुण्यामुंबईला जायची गरज नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. मातीत राबणाऱ्याला पगार नाही, मग मातीचं शिकणाऱ्याला कोण आणि कशाचा देणार?

माझ्या नात्यातल्या एकाच्या वावराची गोष्ट सांगतो. खोल काळी माती. गावात मशीन आलेली होती, म्हणून यांनीही उताराला आडवा चांगला दणकट बांध घालून घेतला. मोजणी नाही, लेव्हल नाही. ऑपरेटर म्हणाला इथं, तर इथं. पावसाळ्यात पाणी अडलं. मुरलं मात्र नाही, साचलं. पऱ्हाटी पिवळी पडली, वरच्या अंगाची तूर उमळली. आणि पुढच्या उन्हाळ्यात माती भेगाळली ती बांधातही भेगाळली, मग पहिल्याच मोठ्या पावसात तिथूनच फुटला. बांधाचे पैसे गेले, पीक गेलं, वर घळ पडली.

आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. भिजल्यावर पाणी खाली फार हळू जाऊ देते. म्हणून हलक्या मातीत आणि कमी पावसाच्या भागात जो समपातळी बांध छान काम करतो, तो इथे जसाच्या तसा चालत नाही. इथे बांधाला थोडा ढाळ देऊन जादा पाणी सावकाश बाहेर काढावं लागतं, किंवा उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी असे उपाय करावे लागतात. कुठे काय, हे पाऊस, उतार आणि मातीची खोली पाहून ठरतं. हे ठरवणारा माणूस म्हणजेच संवर्धन शास्त्रज्ञ. त्याला पगार मिळतो तो एवढ्यासाठी, की तो चुकला तर गावाच्या गाव भोगतं.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांत या माणसासाठी काम किती पडलं आहे ते बघा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथलं भूजल खारं, माती चोपण. विहीर खोदून उपयोग नाही, पावसाचं पाणीच साठवावं लागतं. वरुडकडे उलटी कथा. तिथे पाणी गोड होतं आणि संत्र्यानं पैसा दिला, म्हणून बोअर खोल खोल जात राहिले. तालुका भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत गेला. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप झाला तेव्हा राज्यातून तीनच तालुके निवडले होते, त्यांत वरुड होता. उत्तरेला मेळघाट, तिथला व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. वाघ, जंगल, माती, भूजल, सगळे विषय एकाच टापूत. असं दुसरीकडे लवकर सापडणार नाही.

नोकऱ्या: किती, कुठे आणि काय लागतं

स्पष्ट सांगतो, 'शास्त्रज्ञ' नावाच्या जागा थोड्या असतात आणि वाट लांब आहे. पण जागा आहेत, आणि त्यांची वाट गुपित नाही.

सर्वांत वरची वाट भारतीय कृषी संशोधन परिषदेची. मृदाशास्त्र किंवा मृद-जलसंधारण अभियांत्रिकीत उच्च शिक्षण घ्यायचं आणि कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची परीक्षा द्यायची. निवड झाली तर मूळ वेतन ५७,७०० पासून, भत्ते वेगळे. बहुतेक जण पीएच.डी.पर्यंत शिकून तिथे पोचतात. मधल्या काळात उपाशी राहावं लागत नाही: नेट किंवा समकक्ष परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे. शिवाय संशोधन संस्थांच्या प्रकल्पांत 'यंग प्रोफेशनल' म्हणून कंत्राटी जागा निघतात, थेट मुलाखतीनं. या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येतात, पेपरात शोधत बसू नका. कंत्राट म्हणजे कंत्राट, प्रकल्प संपला की घरी. पण मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शेतात काम करायला मिळतं, आणि पुढच्या मुलाखतीत तेच विचारतात.

दुसरी वाट वनखात्याची. भारतीय वनसेवा यूपीएससी घेते. वय २१ ते ३२ (राखीव प्रवर्गांना सवलत). पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, सांख्यिकी, भूशास्त्र, पशुसंवर्धन यांपैकी एक विषय हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. माझ्यासारखा बीबीए तिथे फॉर्मही भरू शकत नाही! आणि अभ्यास एके अभ्यास करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. राज्याची वनसेवा एमपीएससी घेते, त्यातून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होतात. सुरुवातीच्या पायरीवर वनरक्षक. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी, आणि धावण्याची चाचणी. वनरक्षक म्हणजे शास्त्रज्ञ नव्हे, पण जंगलातली पाहणी त्याच्या डोळ्यांनीच होते. व्याघ्रगणनेत पायवाटा तुडवणारा तोच असतो.

तिसरी वाट राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाची, आणि इथे एक खड्डा आहे. 'जलसंधारण अधिकारी' या ६७० जागांची जाहिरात निघाली तेव्हा आपल्याकडच्या किती पोरांनी मला फोन केले! नाव जलसंधारण, पण कंसात शब्द होता 'स्थापत्य'. म्हणजे सिव्हिलवाल्यांची जागा. पदाच्या नावावर जाऊ नका, पात्रतेची ओळ वाचा. या परीक्षेचं पुढे काय झालं तेही तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली, अमरावतीच्या एका केंद्रावरचा गैरप्रकार उघड झाला आणि राज्यभरातली परीक्षा रद्द होऊन जुलैमध्ये पुन्हा झाली. ज्यांनी प्रामाणिकपणे पेपर दिला होता त्यांचे पाच महिने गेले. म्हणून घरी वेळेचं गणित सांगताना एवढी ढील धरूनच सांगा. आणि "इतके लाख द्या, काम होऊन जाईल" म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला चहाही पाजू नका.

बाकी संस्था आणि प्रकल्प. पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था, जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (यात पूर्णाकाठची खारपाणपट्ट्याची गावं होती), कंपन्यांच्या सामाजिक निधीतली कामं. इथे पदवीइतकंच हाताचं काम पाहतात. नकाशा करता येतो का, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडता येतो का, गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येतं का. नकाशासाठी क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोचं भुवन पोर्टल फुकट आहे. दुकानातल्या साध्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस चालतं, मी चालवून पाहिलं आहे. पहिल्या दिवशी मोझरीचा नकाशा भलतीकडेच गेला, तिसऱ्या दिवशी जागेवर आला.

मी स्वतः काय शिकलो

शेतकऱ्याला औषध-खत विकायला कृषीचं शिक्षण लागतं असा नियम आला, आणि माझ्यासारख्या बीबीए दुकानदाराची पंचाईत झाली. त्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा 'देसी' डिप्लोमा असतो. दहावी पास असलेल्या कृषी सेवा केंद्रवाल्याला करता येतो. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या सुट्टीला. ४० दिवस वर्ग आणि ८ दिवस शेतभेटी. मी तो केला. खरं सांगतो, लायसन्ससाठी केला, शिकायला म्हणून नाही.

पण एका शेतभेटीत मृदाशास्त्राचे सर आले. त्यांनी माणूसभर खोल खड्डा खणायला लावला आणि आत उतरले. भिंत चाकूनं खरवडली, थर दाखवले. चिमूटभर ओली माती अंगठ्यानं दाबत तिची पट्टी काढली. किती लांब निघते त्यावरून चिकणमातीचा अंदाज. रंगाचं एक पुस्तक काढून ढेकूळ त्याच्याशी लावून पाहिलं. मग ॲसिडचा एक थेंब टाकला, माती फसफसली. "चुना आहे," सर म्हणाले, "इथे संत्रा लावला तर पानं पिवळी पडतील आणि हा माणूस दरवर्षी तुमच्या दुकानात जस्त आणि लोह शोधत येईल." सगळे माझ्याकडे पाहून हसले. मी पण हसलो, पण मनात तीच तीन-चार गिऱ्हाइकं मोजत होतो.

मग लॅबचं काय?

लॅब हा धंदा वाईट नाही. मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून आहे, त्यात मातीचे बारा घटक तपासतात. गावपातळीवर तरुणांना आणि गटांना लॅब टाकायला मदत मिळते. चालू निकष तालुका कृषी कार्यालयातच वाचून घ्या. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेनं 'मृदापरीक्षक' नावाची छोटी लॅब-पेटीही बनवली आहे, टेबलावर मावते.

माझं चुकलं ते दोन ठिकाणी. पहिलं, हंगाम. नमुने येतात उलंगवाडीपासून पेरणीपर्यंत. सोयाबीन पेरलं की कुणी माती घेऊन येत नाही. दोन-अडीच महिन्यांच्या कमाईवर वर्षाचं भाडं आणि हप्ता काढायचा, हे मी त्या पोरीला सांगितलंच नाही. मी धंदा शिकवणारा माणूस, मला हे आधी दिसायला हवं होतं.

दुसरं जास्त गंभीर. कृषी पदवीधरांना व्यवसायासाठी 'ॲग्री क्लिनिक' योजना आहे, २००२ पासून. ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, मग बँकेचं कर्ज. २० लाखांपर्यंतच्या वैयक्तिक प्रकल्पाला नाबार्डमार्फत ३६ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. माती परीक्षण लॅब त्यात बसते. पण पात्रता कोणाला? कृषी किंवा संलग्न शिक्षण असलेल्यालाच. म्हणजे "नोकरी सोड, धंदा कर" म्हणताना मी ज्या धंद्याकडे बोट दाखवत होतो, त्याचाही दरवाजा शिक्षणाच्याच चावीनं उघडतो. आणि लॅबचा रिपोर्ट वाचून सल्ला देणारा माणूस नसेल तर तो नुसता कागद आहे. मशीन आकडा देतं. या वावरात बांध घालू की नको, हे मशीन सांगत नाही.

धंदा आणि संवर्धन एकत्र कसं बसतं ते पाहायचं असेल तर अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहा. वनहक्क कायद्याखाली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, उजाड जमिनीवर गावानं माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली, चराई आवरली. जंगलातली सीताफळं आधी व्यापारी म्हणेल त्या भावानं जायची. गावानं 'नॅचरल्स मेळघाट' नावानं ती स्वतः बाजारात पाठवली. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. त्या कामात वनहक्काचा कायदा समजणारे, रोपं समजणारे, प्रतवारी आणि पॅकिंग समजणारे, सगळे लागले. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे विज्ञानाची पदवी नाही त्यांनी या शेवटच्या गटाकडे नीट पाहा. रोपवाटिका, वनोपजाची प्रतवारी, चर-बांधाची मोजणी, नमुने गोळा करून देणं; ही कामं शास्त्रज्ञाच्या बाजूला उभं राहून करता येतात. फक्त स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घेऊ नका.

त्या पोरीचं पुढे काय झालं

प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले असताना मी काकांना फोन केला. फोनवर माफी मागणं मला जमलं नाही, म्हणून गाडी काढली. घरी जाऊन सरळ सांगितलं, की काका, मी चुकीचं बोललो, तिला परीक्षा देऊ द्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी दोन महिन्याअगुदर एक सांगतलं, आता दुसरं. मी कोनतं खरं धरू?" बरोबरच होतं त्यांचं. मी वर लिहिलेलं सगळं कागदावर मांडून दाखवलं: किती वर्षं, किती खर्च, कुठली फेलोशिप, आणि नाहीच जमलं तर एम.एस्सी.वर लॅब कशी टाकता येते. पगाराचा आकडा त्यांनी दोनदा विचारला. जागा किती निघतात तेही विचारलं, आणि "थोड्या" म्हटल्यावर मान हलवली. खर्चाच्या आकड्याला त्यांनी पेनानं गोल केला आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.

ती आता मृदाशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, तिलाही नाही. गेल्या सुट्टीत तिनं बापाच्या वावरातला नमुना तपासून आणला. पालाश भरपूर, गंधक कमी. काका दरवर्षी माझ्याकडून १०:२६:२६ न्यायचे, यंदा पोरीच्या सांगण्यावरून सुपर फॉस्फेट मागितलं. माझ्या गल्ल्यात तेवढे कमी पडले. पण त्यांच्या मागे गावातले आणखी सात-आठ जण मातीची पिशवी घेऊन दुकानात आले, "इचा पत्ता द्या" म्हणत. त्यातल्या निम्म्यांनी माती धुऱ्यावरून किंवा लिंबाच्या झाडाखालून उचलली होती. ती पिशव्या बघून म्हणाली, "सर, हे सगळं फेकून द्या, पुन्हा आणायला सांगा."

म्हणून पुढचा व्हिडिओ तिच्याच वावरात करतो आहोत: नमुना कसा काढायचा. व्ही आकाराचा वीतभर खड्डा, वावरात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती, धुरा, झाड आणि शेणखताचा ढीग टाळून, मग चार भाग करत अर्धा किलोवर आणायची. ज्यांना यायचं आहे त्यांनी सकाळी सात वाजता दुकानासमोर जमा. स्वच्छ घमेलं आणि कापडी पिशवी आपापली आणा, खताची रिकामी पिशवी चालणार नाही. कुदळी माझ्याकडे आहेत.